खिडकीजवळची जागा

देवावरचा विश्वास डळमळायला फार मोठं कारण लागत नाही, एक कोंदट खोली पुरते. तेलंगणात मिरची तोडायला गेलेले आम्ही नवरा-बायको टाळेबंदीत पायीच परत निघालो, आणि आपल्याच यवतमाळ जिल्ह्याच्या सीमेवर आम्हाला एका शाळेत कोंडलं. महागावकडचा आमचा तांडा काही परदेशात नव्हता, पण सोडतंय कोण! एकेका वर्गात पाच-सहा कुटुंबं. कुशीवर वळलं तरी शेजाऱ्याला धक्का लागायचा, आणि ‘अंतर ठेवा’ म्हणणारे दारातूनच सांगून जायचे.

नवरा खोकू लागला तेव्हा कोणीच मनावर घेतलं नाही. मिरची तोडणारी माणसं हंगाम संपला तरी ठसकतच असतात. “मिरची निघून राह्यली,” म्हणत आम्ही हसलोसुद्धा, आणि सगळे एकाच गडव्याने पाणी पीत राहिलो. मग ताप चढला, धाप लागली. तेव्हा सगळे सरकले, पण सरकून जाणार कुठे? वीतभर. दवाखान्याची गाडी येते येते म्हणत आलीच नाही. वर्गाच्या मधोमध तो तडफडत होता आणि मी आमच्या तांड्याच्या देवीला, मरियामाला विनवत होते, आई, जरा हवा दे. तिचा भयंकर रागही येत होता.

“देवीले काय मांगून राह्यली? मले सांग ना,” खिडकीखालचे म्हातारे बाबा म्हणाले. ते राजूरचे, बौद्ध, बांधकामावरून परतत होते. देवबिव ते मानत नसत. त्यांनी आपली गोधडी उचलली, माझ्या नवऱ्याला धरून खिडकीशी आणलं आणि स्वतः त्याच्या जागी, गर्दीत जाऊन निजले.

नवरा हळूहळू सावरला. बाबा आजारी पडले. या वेळी गाडी आली, पण बाबा परतले नाहीत.

वाटा खुल्या झाल्यावर मी राजूरला त्यांच्या घरी गेले. त्यांच्या बायकोजवळ बसून रडत म्हणाले, माझ्या देवीनंच बाबांना धाडलं होतं. त्या शांतपणे म्हणाल्या, “मंग तुह्या देवीनं त्यायले वापस काहून नाही धाडलं, बाई?”

त्यांनी चहा दिला, तो पिऊन मी निघाले.

आज नवरा शेजारी शांत झोपतो. त्याच्या श्वासासाठी मी मरियामाची आणि बाबांची, दोघांची ऋणी आहे. राजूरच्या त्या माउलीच्या प्रश्नाचं उत्तर मी देवीला रोज विचारते, ती देत नाही. तरी हात जोडते. शरण जाणं मला एवढंच जमलं आहे.