मागच्या सीटवरचा कान

रंगभूमीवर मी पुष्कळ राजे केले. मान ताठ कशी ठेवायची, हे मला दिग्दर्शकांनी दहादा ओरडून शिकवलं. फ्यूजमामांना ते कुणी शिकवलेलं नव्हतं. गाडीच्या डिकीत अर्धा देह खुपसून, जगाकडे पाठ करून काम करणाऱ्या माणसाचीही मान ताठ असू शकते, हे मी त्यांच्या दुकानाबाहेरच्या बाकावर बसून पाहिलं.

दुकान म्हणजे एक शटर, आत खुंट्यांना लटकलेली वायरींची भेंडोळी आणि बाहेर एक गाडी उभी राहील एवढी जागा. गाड्यांमध्ये टेप, स्पीकर आणि स्पीकरला ताकद देणारे अॅम्प्लिफायर बसवायचे आणि रुसले की त्यांची समजूत काढायची, हा धंदा. ‘फ्यूजमामा’ हे नाव बाजारानं ठेवलेलं. एका तरुणाच्या अॅम्प्लिफायरचा फ्यूज सारखा उडायचा. तो म्हणाला, “मामा, मोठा फ्यूज टाका ना, कटकट मिटेल.” मामा म्हणाले, “म्हणजे वायर जळू दे, गाडी जळू दे, तू जळू दे, फ्यूज तेवढा जगू दे. असंच ना?” तरुण रागावून निघून गेला आणि चार दिवसांनी परत आला. डिकीच्या कडेला घासून वायरचं कातडं सोललं होतं. मामांनी ती वायर बदलली आणि फ्यूज तेवढाच ठेवला.

अशा या माणसाला ऐकू येणं कमी झालं होतं. उभा जन्म धडधडणाऱ्या स्पीकरांशेजारी डोकं ठेवून काढला, दुसरं काय होणार? सगळ्या बाजाराला ठाऊक होतं. मामांना मात्र ते मान्य नव्हतं. आपण काही बोललो की ते ओठांकडे बघत आणि “हळू बोला, मी काय बहिरा आहे?” म्हणत. स्पीकरवर पंजा ठेवून आवाज जोखत, मीटरचा काटा बघत. अॅम्प्लिफायरचा लाल दिवा लागला की कुठली वायर कुठे चिकटलीय ते ओळखत. दिसणाऱ्या दुखण्याला कान कशाला, असा त्यांचा खाक्या.

मग ती स्कूल व्हॅनवाली बाई आली. कमरेवर हात, गळ्यात शिट्टी. मामांनी आदल्या आठवड्यात तिच्या व्हॅनमध्ये टेप आणि अॅम्प्लिफायर बसवले होते आणि ती तक्रार घेऊन परत आलेली ही दुसरी खेप होती.

“मामा, गाडीत डास शिरलाय. टेप लावला की गुणगुणतो. रेस दिली की चढतो, सोडली की उतरतो. गेल्या खेपेला तुम्ही म्हणालात साफ आहे. पोरं मला विचारतात, ताई, हे गाणं कुठलं?”

मामांनी स्पीकरवर पंजा ठेवला. बारीक किणकिण पंजाला कुठली कळायला? काटाही जागच्या जागी. ते म्हणाले, “साफ आहे.”

नेमका तेव्हा त्यांचा थोरला तिथे उभा होता. पुढच्या चौकात त्याचं सीटकव्हरांचं दुकान. पोरगा वाईट नव्हता, बापाची काळजी करून करून चिडका झाला होता एवढंच. तो पुढे येऊन ओरडला, “बाबा, साफ नाहीये. मला इथे उभ्याउभ्या ऐकू येतंय. गिऱ्हाइकं आता तोंडावर हसतात. शटरची चावी द्या आणि माझ्या गल्ल्यावर येऊन बसा. पंखा आहे, खुर्ची आहे.”

“आणि मी काय करू तिथे? पंखा बघू?”

“किमान आज हे सापडलं नाही तर तरी चावी द्याल?”

मामांनी खिशातून चावी काढली आणि व्हॅनच्या बॉनेटवर ठेवली. “नाही सापडलं तर उचल.” मग बाईकडे वळून, सगळ्या गल्लीला ऐकू जाईल अशा आवाजात ते म्हणाले, “बाई, मला बारीक आवाज ऐकू येत नाही. गेल्या खेपेलाही आला नव्हता. मागच्या सीटवर कुणीतरी बसा. डास चढला की हात वर, उतरला की खाली. आवाज तुम्ही ऐका, वायर मी बघतो.”

मी इतकी वर्षं पल्लेदार वाक्यं म्हटली, पण एवढं जड वाक्य इतक्या सरळ म्हणायला मला जमलं नसतं.

लगबगीनं मीच मागे जाऊन बसलो. सुरांची जाण आहे, म्हटलं. थोरल्याला मामांनी रेस द्यायला बसवलं. डास चढला तसा मी हात उंचावला, बोटं थरथरवली, मान जराशी कलती केली.

“तुम्ही उतरा,” मामा म्हणाले. “तुमचा हात टाळ्यांसाठी थांबतोय.”

बाई बसली. तिचा हात काट्यासारखा सरळ. मामांनी अॅम्प्लिफायरला येणाऱ्या, टेपचा आवाज वाहून आणणाऱ्या दोन पिना उपटल्या. थोरल्यानं रेस दिली. हात खालीच.

“म्हणजे अॅम्प्लिफायर बिचारा निर्दोष. घाण वरून येतेय.” पिना परत खोचून ते पुढे सरकले. टेपच्या मागच्या पिना काढल्या. हात खालीच. लावल्या, हात वर. डास टेपमधूनच येत होता. मग त्यांनी टेप बाहेर ओढला, काळी वायर बोटांनी चाचपत शेवटापर्यंत गेले आणि थांबले. ती अर्थिंगची वायर एका पट्टीला स्क्रूनं आवळलेली होती, आणि पट्टीवर रंग तसाच होता. रंग खरवडून पत्रा उघडा केल्याशिवाय अर्थिंग पक्कं बसत नाही, हे मामा येणाऱ्याजाणाऱ्याला सांगत.

त्यांनी रंग खरवडला, पत्रा चकचकीत केला, स्क्रू आवळला. “दे रेस.” थोरल्यानं दिली. बाईचा हात मांडीवरच राहिला. “अजून दे.” इंजिन बोंबललं, हात हलला नाही.

“गेला,” बाई म्हणाली. “नुसतं गाणंच राहिलं.”

थोरला खाली उतरला. “बाबा, टेप तुम्हीच बसवला होता. रंग खरवडायचा तुम्हीच विसरलात. चूक तुमचीच निघाली.”

“निघाली ना? मीच काढली.” मामांनी चावी उचलून खिशात टाकली. “चूक हातानं केली, हातानं सुधारली. कानाला मध्ये कशाला घेतोस?”

थोरल्यानं बापाच्या कपाळावरची काजळी आपल्या रुमालानं पुसली आणि “संध्याकाळी घ्यायला येतो” म्हणाला. मामांना ते ओठांवर दिसलं असावं. “ये,” ते म्हणाले, “पण उभं राहावं लागेल. काम संपल्याशिवाय मी निघत नाही.”

व्हॅन हलली आणि तिच्या जागी एक टॅक्सी लागली. ड्रायव्हर उतरून तक्रार सांगायला लागला. मामांनी त्याला हातानं थांबवलं आणि मागचं दार उघडून धरलं.

“मला कमी ऐकू येतं. आत बसा आणि मी सांगतो तेव्हा हात वर करा.”

टॅक्सीवाला माझ्याकडे बघायला लागला. मी म्हटलं, “बसा. पण अभिनय करू नका, चालत नाही.”