एक दाता मागे

गल्लीत तिला मिस्त्रीण म्हणतात. म्हणजे तोंडावर मिस्त्रीण, पाठीमागे "ती हो, पंक्चरवाली". बाबांच्या गॅरेजमध्ये अर्धा जन्म गेला, पण काम काय केलं, तर पंक्चर, ऑइल, ब्रेकच्या वायरी. इंजिन आलं की ती स्वतःच गिऱ्हाइकाला सांगायची, "दादाकडे न्या. माझ्या हाताला इंजिन येत नाही." दादा म्हणजे थोरला भाऊ. पलीकडच्या बाजारात त्याचं मोठं गॅरेज, आणि तोंड त्याहून मोठं.

हाताला येत नाही हे तिला कुणी शिकवलं? तिच्याच फटफटीने! ती कॉलेजात असताना बाबांनी भंगारातल्या दोन गाड्या उभ्या केल्या, एक दादाला, एक हिला. दादाची टेकडीचा चढ भुर्रकन चढायची. हिची अर्ध्या चढावरच्या वळणावर धापा टाकून बंद! हिने कार्ब्युरेटर साफ केला, प्लग बदलले, इंजिन दोनदा उघडलं. काही म्हणजे काही नाही. दादा वरून ओरडायचा, "ढकलत आण गं, सवय आहे तुला!" शेवटी हिने हाय खाल्ली. खोट आपल्यातच आहे म्हणाली आणि पाना खाली ठेवला.

आता दादाला जुन्या गाड्यांचा कुणी शौकीन भेटला होता. "तुझी फटफटी नुसती सडतेय, मी इंजिन नीट करून त्याला देतो," त्याने ठरवून टाकलं आणि हिनेही मान हलवली. टेम्पो दुपारी येणार होता. ऑइल गळत कशाला पाठवायची, म्हणून तिने इंजिनाचं बाजूचं झाकण उघडलं.

आत पिस्टनच्या जोराने फिरणारं क्रँकचं चाक आणि व्हॉल्व्ह उघडणारं कॅमचं चाक, दात्यात दाते अडकवून फिरणारी. दोन्हींवर कंपनीचा एकेक ठिपका असतो. ठिपक्यासमोर ठिपका आला की व्हॉल्व्ह वेळेवर उघडतात, इंजिन वेळेवर श्वास घेतं. एक दाता मागे राहिला तर गाडी चालते, पण चढावर मरते. हे सगळं तिला पाठ होतं. पण या गॅरेजची रीत अशी, की बाबा गाडी जुळवली की लाल रंगाची खूण करायचे, आणि नंतर उघडणाऱ्याने फक्त लालला लाल जुळवायचं. बाबांच्या खुणेवर शंका कोण घेणार? दोन्ही वेळा तिने लालला लालच जुळवलं होतं.

या वेळी मात्र, गाडी परक्याकडे जायची म्हणून, तिने कॅमचं चाक काढून रॉकेलमध्ये घासलं. काजळी निघाली आणि ठिपका दिसला. लाल खुणेखाली नाही. शेजारच्या दात्यावर!

ती रॉकेल निथळतं चाक घेऊन तशीच आत गेली. बाबा खुर्चीत पेपर वाचत होते.

"ही खूण चुकली का तुमची?"

बाबांनी चष्मा काढला, पुसला, परत लावला. "चुकली नाही."

"म्हणजे?"

"अगं, त्याआधी माझी गाडी वारं प्यायलेल्या वासरासारखी हाणायचीस तू. कुठे आपटली असतीस म्हणजे? म्हटलं, जरा दमानं चाललेली बरी. एकच तर दाता मागे ठेवला. इंजिनाला धोका नव्हता."

"इंजिनाला धोका नव्हता!" ती अशी ओरडली की शेजारच्या शिंप्याचं मशीन थांबलं. "आणि दादा? तो त्याच वळणावर पडला, हात मोडून घेतला! त्याचा दाता का नाही सरकवलात?"

"तो मुलगा आहे..."

"झालं! आलं ना तोंडातून?"

"काळजीपोटी केलं गं पोरी."

"काळजी होती तर चावी काढून घ्यायची होती! तोंडावर नाही म्हणायचं होतं! भांडले असते, जेवले नसते, पण कळलं तरी असतं कोण आडवं आलं ते. मी इंजिन उघडून रडत बसले तेव्हा तुम्ही इथेच होतात ना? काय म्हणालात? 'सगळ्यांनाच जमतं असं नाही.' माझ्या हाताला नावं ठेवलीत बाबा तुम्ही! आणि मला ती खरी वाटली!"

बाबांनी पेपर उगाचच घडी करायला घेतला.

ती बाहेर आली. लाल रंग ब्लेडने खरवडून काढला. पिस्टन वर आणला, ठिपक्यासमोर ठिपका बसवला, इंजिन हाताने हळूहळू फिरवून दोन्ही व्हॉल्व्हची उघडझाप पाहिली. चाक पहिल्या झटक्यात बसलं. त्याने तर ती आणखीच पेटली. इतकं सोपं होतं? एवढ्याशा कामासाठी आपण स्वतःला इतकी वर्षं मठ्ठ म्हणत होतो?

झाकण लावलं, ऑइल भरलं, किक मारली. गाडी खणखणीत बोलली. बाबा दारात आले, "सावकाश जा हं," म्हणाले. तिने वळूनही पाहिलं नाही.

वळण आलं आणि गेलं. गाडीने हूं की चूं केलं नाही. वर पोचल्यावर तिला वाटलं होतं आनंद होईल. कसला आनंद! तिथे ओरडणारं, हसणारं कुणी नव्हतं. तिने गाडी वळवली.

गॅरेजपुढे टेम्पो उभा होता आणि दादा दोर सोडत होता. "अगं, फिरवतेस काय? चढव टेम्पोत!"

"टेम्पो रिकामा ने," ती म्हणाली. "आणि मी तुझ्याकडे पाठवलेली गिऱ्हाइकं आता इकडे येतील. का, ते बाबांना विचार."

दादा बाबांकडे बघायला लागला. बाबा फडकं घेऊन खाली वाकले. गरम इंजिनावर ऑइलचा ओघळ आला होता, तो पुसायला.

"हात लावू नका," ती म्हणाली. "माझी गाडी आहे."