काकूंच्या माहेरचं उष्ण रक्त

लालबागला आमच्या मजल्यावर राहणाऱ्या काकूंना आपल्या माहेरच्या रक्ताचा जेवढा अभिमान आहे, तेवढा राजघराण्यांनाही नसेल. राजघराण्यांना वंशावळ लिहून जपावी लागते. काकूंची नाकातून वाहते. माहेर मालवणकडचं, आणि तिथली सगळी माणसं ‘उष्ण’. उन्हात निघाली की घोळणा फुटतो, कोपर नुसता दाराला लागला तरी हिरवानिळा होतो. सासरच्यांचं रक्त लगेच थांबतं. त्यांना काकू ‘थंड माणसं’ म्हणतात, आणि ते कौतुक नसतं.

मुलाचा घोळणा पहिल्यांदा फुटला, तेव्हा काकूंनी त्याची मान मागे केली, नाकाशी कांदा धरला आणि गॅलरीभर जाहीर केलं, “माझ्यावर गेला हो!” बारशालाही त्या इतक्या खुलल्या नव्हत्या. परळला जाऊन स्वतःची अक्कलदाढ काढली, तर रात्रभर रक्त थांबेना. सकाळी तोंडाला टॉवेल धरून घरोघरी दाखवत फिरल्या. बोलता येत नव्हतं म्हणून आम्ही भाषणातून वाचलो. या सगळ्यावर उपाय ठरलेला: सब्जा, कोकम आणि घरचा गुलकंद.

मग नात वयात आली आणि यातली गंमत संपली. पाळी आठवडा उलटला तरी थांबेना. पोर पांढरीफटक पडली. पाडव्याच्या शोभायात्रेत गिरगावात ढोल वाजवायचा, या एकाच ध्यासानं तिनं महिनोन्‌महिने सराव केला होता. ऐन सरावात तिला घेरी आली आणि पथकाच्या ताईनं तिच्या कमरेचा ढोल सोडवला. काकू गुलकंदाची बरणी घेऊन धावल्या.

“खा गो बाय. आमच्यात असंच असतं. माझी आये पण अशीच होती.”

“मग तिचं काय झालं?” नातीनं विचारलं.

“माझ्या भावाच्या वेळी बाळंतपणात गेली. रक्त थांबलंच नाही. उष्णता म्हणाले सगळे.”

चमचा हवेतच राहिला. काकूंनी तो परत बरणीत घातला आणि झाकण लावलं, हे आमच्या मजल्यानं प्रथमच पाहिलं.

दुसऱ्या दिवशी त्यांनी मला हाक मारली, “चल रे डॉक्टरकडे. मला कोणी इंग्रजीत गप्प बसवायला नको.”

डॉक्टरीणबाई तरुण होत्या आणि मराठीत बोलत होत्या. त्यांनी विचारलं, “घरात आणखी कोणाचं रक्त लवकर थांबत नाही का?” या प्रश्नाची काकू जन्मभर वाट पाहत होत्या. पदर खोचून त्यांनी जी सुरुवात केली, ती मोठ्या मामाच्या लग्नात अक्षतांबरोबर फुटलेल्या घोळण्यापासून थेट आयेपर्यंत. बाईंनी एकदाही घड्याळाकडे पाहिलं नाही. तपासण्या झाल्या. रक्त गोठायला लागणारा एक घटक नातीत, तिच्या बापात आणि काकूंत जन्मतःच कमी निघाला. आजार सौम्य, पण वंशातून येणारा; उष्णतेचा संबंध नाही. घटकाला कुणा परदेशी डॉक्टरचं नाव.

“माहेर माझं, आणि नाव गोऱ्याचं?” एवढीच काकूंची तक्रार.

नातीला त्या दिवसांत घ्यायच्या गोळ्या मिळाल्या, अशक्तपणासाठी लोहाच्या मिळाल्या, आणि काकूंना नवा धर्म मिळाला: घोळणा फुटला की मान मागे नाही, पुढे, आणि नाक चिमटीत. गणपतीत मंडळाच्या व्यासपीठावर एका पुढाऱ्याचा घोळणा फुटला. कार्यकर्ते त्याची मान मागे ओढत होते. काकूंनी वर चढून ती फेट्यासकट खाली दाबली. “हलायचं नाय हां!” ती मान कोणापुढे झुकलेली लालबागनं तेव्हाच पाहिली.

पुढच्या पाडव्याला नातीनं गिरगावात ढोल वाजवला, आणि असा वाजवला की काकूंनी शेजारच्या अनोळखी बाईला दोनदा सांगितलं, “माझ्यावर गेली हो!” तिचं पथक थांबलं तेव्हा पोरीच्या तळव्यावरचा फोड फुटून रक्त आलं होतं. काकूंनी त्यावर नऊवारीचा पदर दाबून धरला. आजूबाजूला ताशे कडकडत होते. काकू मात्र डोळे मिटून उभ्या. मग त्यांनी पदर अलगद उचलून पाहिला.

“थांबलं गो, आये,” त्या हळूच म्हणाल्या.

नातीला त्या कधीच आये म्हणत नाहीत.