खाऊन पाठ झालेली अक्षरं

माझा धाकटा भाऊ बेकरीत कामाला. रविवारी सकाळी सिनेगॉगच्या, म्हणजे आमच्या ज्यू प्रार्थनाघराच्या, मागच्या खोलीत तो मुलांना हिब्रू शिकवायचा. मुलं त्याला बिस्किटमास्तर म्हणत. मी त्याच सिनेगॉगचा चिटणीस. मला टोपणनाव ठेवायची हिंमत कुणी केली नाही, किंवा केली असेल तर ते माझ्या कानावर आलं नाही.

त्याच्या आधी हा वर्ग मी घ्यायचो. पुस्तक उघडायचं, ओळीवर बोट ठेवायचं, म्हणायचं. पोरं जांभया द्यायची, मी पट्टी आपटायचो. सहा वर्षांत धड वाचायला शिकली ती दोघं, आणि त्यातला एक माझा मुलगा. तो बिचारा जाणार कुठे? मग धाकटा म्हणाला, "दादा, मला एक महिना दे." त्याने बाकं भिंतीला लावली, फरशीवर खडूने भलंमोठं अक्षर काढलं आणि मुलांना त्यावरून चालायला लावलं, उजवीकडून डावीकडे, हिब्रू वाचतात तसं. कुणी उलटं चाललं की बाकीची हसून लोळायची. इजिप्तमधल्या गुलामीची आणि तिच्यातून सोडवणाऱ्या मोशेची गोष्ट सांगताना पिठाची रिकामी पोती पाठीवर देऊन सगळ्यांना जिना चढायला लावला. चौथ्या फेरीला एकाने धापा टाकत विचारलं, "मास्तर, मोशे कधी येतो?" माझ्या सहा वर्षांत मोशेची वाट कुणी पाहिली नव्हती.

आणि बिस्किटं. हिब्रूची अक्षरं बावीस. मूल पहिल्यांदा शिकायला बसतं तेव्हा अक्षराला मध लावून चाटायला द्यायची आमच्यात जुनी रीत आहे. धाकट्याने ती भट्टीपर्यंत नेली. शनिवारी शब्बाथ, काम बंद, म्हणून शुक्रवारी दुपारीच तो मालकाला विचारून उरलेल्या पिठाची अक्षरं कापायचा आणि भाजायचा. ओळखलं की खायचं, चुकलं की परत ताटात. तीन महिन्यांत पोरं घडाघडा वाचायला लागली. ते पाहून माझ्या पोटात दुखायचं, हे आता कबूल करायला हरकत नाही.

शिंप्याची नात साडेपाच वर्षांची होती. लाजरी इतकी, की स्वतःचं नाव विचारलं तरी फ्रॉकची कड चघळायची. एका रविवारी तिने ताटातून चार बिस्किटं निवडली, टेबलावर ओळीने मांडली आणि धाकट्याचा शर्ट ओढून त्याला दाखवली. प्रार्थनेच्या पुस्तकात आजोबांच्या बोटाखाली पुन्हा पुन्हा दिसणारा शब्द तिने आपला आपण जुळवला होता. ते देवाचं नाव होतं.

ते नाव आम्ही उच्चारत नाही. समोर आलं की त्याऐवजी 'प्रभू' म्हणतो. ज्यावर ते लिहिलेलं असेल ते फाडत नाही, पुसत नाही, टाकत नाही. जीर्ण झालेली पुस्तकंसुद्धा कब्रस्तानात नेऊन पुरतो. इथे ते नाव बिस्किटांत होतं, आणि मुलगी खायची परवानगी मागत होती.

नेमके तेव्हाच सिनेगॉगचे अध्यक्ष पाणी प्यायला आत आले. त्यांनी खिशातला रुमाल काढून बिस्किटं झाकली आणि चढ्या आवाजात विचारलं, "हे कुणी केलं?" पोरगी रडत घरी गेली. बिस्किटं कापडात बांधून कब्रस्तानात पुरली. खड्डा मी खणला, आणि गाव गोळा होऊन बघत होतं.

बुधवारी समितीची बैठक झाली. निम्मे म्हणाले वर्ग बंद, निम्मे म्हणाले वर्ग चालू दे, फक्त बिस्किटं नकोत. माझं मत उरलं होतं. मी म्हणालो, "मोठ्या रब्बींना पत्र लिहून विचारू. तोवर वर्ग मी बघतो." सगळ्यांनी माना डोलावल्या. ऐकायला किती समंजस वाटतं. मला ती बाकं पुन्हा रांगेत हवी होती, बाकी काही नाही.

तीन आठवड्यांनी धर्मगुरूंचं उत्तर आलं. 'अक्षरं सुटी भाजलेली, लेकराने खेळता खेळता शेजारी ठेवलेली. हे लिहिणं नव्हे. बिस्किटं बाजूला करून तिला खाऊ द्यायची. पुरायचं कारण नव्हतं. असा शिक्षक मिळाला असेल तर त्याला जपा.'

ठरवलं, पुढच्या बैठकीत वाचून दाखवू. मग म्हटलं, त्याच्या पुढच्या. मग पत्र फायलीत गेलं आणि मी मूग गिळून बसलो. धाकट्याने एकदाच विचारलं, "दादा, उत्तर आलं?"

"मोठी माणसं ती. वेळ लागतो," मी म्हणालो. त्याने पुन्हा विषय काढला नाही.

पोरं एकेक करून गळाली. शिंप्याची नात तर त्या दिवसानंतर आलीच नाही. गेली दोन वर्षं त्या खोलीत जादा खुर्च्या ठेवतो.

नऊ वर्षं झाली. गेल्या महिन्यात मी चिटणीसपद सोडलं. फायली नव्या चिटणीसाकडे द्यायच्या होत्या, तो हे पत्र वाचणार, म्हणून मी ते घेऊन बेकरीत गेलो. लाज वाटली म्हणून गेलो असतो तर बरं झालं असतं.

धाकट्याने हात पुसले आणि उभ्याउभ्याच पत्र वाचलं. तारीख बघितली. मी म्हणालो, "शिव्या दे मला."

"शिव्या कसल्या द्यायच्या दादा. मला अंदाज होता. एवढं धर्मशास्त्र तर मीही वाचलंय."

"मग बोलला का नाहीस?"

"मी बोललो असतो तर माझ्या बिस्किटांसाठी बोललो असं झालं असतं. बोलायला हवं होतंस तू." त्याने पत्राची घडी घातली. "शिंप्याची नात पाव न्यायला येते. मोठी झाली आता. मागे तिला सहज विचारलं, सिनेगॉगमध्ये का दिसत नाहीस? तर म्हणाली, काका, माझ्यामुळे देवाला पुरावं लागलं ना."

नऊ वर्षांत धाकट्याचा विचार शंभरदा आला असेल, त्या पोरीचा एकदाही नाही.

"तू काय सांगितलंस तिला?"

"म्हटलं, रब्बींचं उत्तर यायचंय." त्याने पत्र माझ्या हातात परत दिलं. "सहाला येते ती. तूच वाचून दाखव."

पावणेपाच वाजले होते. गल्ल्याशेजारच्या स्टुलावर मी बसून राहिलो.