कॅनॉल कोरडा असतानाचे नऊशे दहा मीटर

“कारण काय लिहायचं?” मी विचारलं.

“पालकांची उदासीनता,” मुख्याध्यापक म्हणाले. “त्या वस्तीला आम्ही तेच लिहितो.”

समोर हजेरीपट उघडा होता. कॅनॉलपलीकडच्या वस्तीवरची नऊ मुलं, पहिली ते पाचवीतली. नऊच्या नऊ अनियमित. ही यादी मला त्याच दिवशी इंदापूरला, पंचायत समितीत द्यायची होती. साहेबांचे दोन फोन येऊन गेले होते.

मी शिक्षण विभागात विस्तार अधिकारी आहे. म्हणजे शाळांना भेटी द्यायच्या, मुलं येतात का, शिकतात का हे बघायचं आणि कागद वर पाठवायचे. सहा ते चौदा वर्षांचं प्रत्येक मूल शाळेत असलंच पाहिजे असा कायदा आहे. ते नसलं तर कारण लिहावं लागतं. सगळ्यात सोपं कारण उदासीनता. ते लिहिलं की पुढे कुणालाच काही करावं लागत नाही.

पेन टेकवलं आणि थांबलो. गैरहजेरी विखुरलेली नव्हती. उदासीन घरातलं मूल कधी येतं, कधी नाही. लग्न निघालं, बाजार असला की खाडा. इथं नऊही मुलं एकाच दिवसापासून बंद झाली होती. तीन आठवडे सरसकट गैरहजर, मग एका सकाळी सगळी हजर, महिन्याभरानं परत सगळी गायब. नऊ घरांनी मीटिंग घेऊन ठरवावं तसं.

“सर, हे असं एकदम कसं?”

“त्यांचं काही सांगू नका. ती वस्तीच तशी.”

“तशी म्हणजे?”

ते चहा सांगायला उठले. तशी म्हणजे कशी, हे मला लहानपणापासून माहीत आहे. मी चहा न घेता गाडीला किक मारली.

कॅनॉलवर आलो तर पाणी काठोकाठ. गढूळ, आवाज न करता पळणारं. पलीकडे वस्ती इतकी जवळ की दगड मारला तर पत्र्यावर पडावा. पलीकडच्या काठावर एक मुलगी म्हशीला धरून उभी होती. मला बघून ओरडली, “सर, पुलावरनं या! आता हितनं न्हाय येता यायचं!”

तो ‘आता’ ऐकून मी गाडी बंद केली. मी तिथून एकदा गेलो होतो. पायी. कोरड्या पायांनी.

हे जरा सांगायला हवं. दोन वर्षांपूर्वीपर्यंत वस्तीवर एका खोलीची शाळा होती, पाचवीपर्यंत. पट कमी, शिक्षक एक. अशी शाळा जवळच्या मोठ्या शाळेत मिसळतात, त्याला समायोजन म्हणतात. अट एकच. पहिली ते पाचवीच्या मुलांना घरापासून एक किलोमीटरच्या आत दुसरी शाळा हवी. ते अंतर मोजून दाखला द्यायचं काम माझ्याकडे आलं. मी कार्यालयात बसून नकाशावर मोजलं नव्हतं. बांधकाम खात्याकडून मोजायचं चाक मागून आणलं, उन्हाळ्यात भर दुपारी वस्तीपासून, आता हजेरीपट बघितला त्याच मोठ्या शाळेपर्यंत, ते ढकलत नेलं. वाट चांगली रुळलेली होती. एका काठानं खाली उतरायचं, कॅनॉलच्या कोरड्या तळातून जायचं, दुसऱ्या काठानं वर. तळात पोरं क्रिकेट खेळत होती. चाकावर नऊशे दहा मीटर भरले. तेच लिहिलं, सही केली. त्या सहीवर शाळेला कुलूप लागलं.

पुलावरून वळसा घालून वस्तीवर पोचलो. गाडीच्या मीटरकडे बघायचं धाडस होत नव्हतं. पण बघितलं. तीन किलोमीटरला थोडंच कमी.

मुलीचे आजोबा अंगणात बसले होते. सगळे त्यांना तात्या म्हणतात. त्या दुपारी मला वाट दाखवायला हेच चाकापुढं चालले होते.

“जय भीम, सायेब. लई दिसांनी.”

“जय भीम. तात्या, पाणी किती दिवस असतं?”

“आवर्तन सुटलं की तीन आठवडं धरा. कवा म्हैना. मंग बंद. मंग परत.”

धरणातून कॅनॉलला पाळीपाळीनं पाणी सोडतात, त्या पाळीला आवर्तन म्हणतात. इथल्या शेंबड्या पोराला हे माहीत असतं.

“मग मोजायला आलो तेव्हा बोलला का नाही?”

“तुमी अंतर इचारलं. पान्याचं कुठं इचारलं?” तात्यांनी कॅनॉलकडं हात केला. “आन् कॅनॉलला पानी येतं, ह्ये बी सायबाला सांगाय लागतं व्हय?”

“मी मोरगावकडचा, तात्या.”

“मंग बरूबर. तुमच्याकडं पानी टँकरनं येतं.”

मुलगी फिदीफिदी हसली. आर्या तिचं नाव, पाचवीत. तेवढ्यात वस्तीच्या कडेला पिवळी व्हॅन येऊन थांबली. टाय लावलेला एक मुलगा उतरला.

“ह्यो आमचा मोनू. चुलत्याचा,” आर्या म्हणाली. “विंग्लिश मिडियमला हाय. त्याला पानी आडवं येत न्हाय.”

व्हॅन रोज पुलावरून येत होती. चुलते नोकरीला, त्यांना परवडत होतं. बाकीच्या मुलांना सरकारी वाहतूक भत्ता मिळाला असता, पण तो एक किलोमीटरपेक्षा लांबच्या मुलांना. माझ्या कागदावर ती नऊशे दहा मीटरवर राहत होती.

“आणि तुम्ही दिवसभर काय करता?” मी विचारलं.

“शाळा.”

“कुठं?”

तिनं कुलूप लावलेल्या खोलीच्या ओट्याकडं बोट केलं. पाणी असलं की ती बाकीच्या आठांना तिथं बसवायची. पलीकडच्या परिपाठाचा स्पीकर ऐकू यायचा. तिकडे राष्ट्रगीत लागलं की ही इकडे उभी राहायची. तिनं वही आणून दाखवली. नऊ नावं, पुढे रकाने, प्रत्येक पानावर तारखा.

“हजेरी कशाला?”

“गुरुजी घ्यायचे. म्हनून.” मग जरा दमात म्हणाली, “तिकडं आमी गैरहजर लागतो. हितं हजर हाय.”

“हिला म्हनलं, औंदा बास कर,” तात्या म्हणाले. “बारकी पोरं पुलावरनं एकटी कोन धाडील? आन् अशी अर्धी शाळा करून काय व्हनार? दिवाळीपातूर बघनार सायेब. मंग समद्यांचीच नावं काढून घेनार.”

मी वही मागून घेतली. तिनं दिली, पण म्हणाली, “परत आनून द्या. उद्याची हजेरी ऱ्हायली.”

इंदापूरला पोचलो तेव्हा साहेब निघायच्या तयारीत होते. साहेब म्हणजे गटशिक्षणाधिकारी, तालुक्याच्या शिक्षण विभागाचे प्रमुख. माणूस वाईट नाही.

“यादी?”

“साहेब, कारण चुकीचं पडलंय.”

“मग बरोबर कारण काय?”

“माझा दाखला.”

त्यांनी बॅग परत खाली ठेवली. सगळं ऐकून घेतलं.

“पुलावरून किती?”

“गाडीवर पावणेतीनच्या पुढे. चाकानं मोजून सांगतो.”

“म्हणजे स्वतःच्या सहीविरुद्ध स्वतःच अहवाल देणार. तुमच्याकडून खुलासा मागावा लागेल मला. पदोन्नतीच्या यादीत नाव आहे ना तुमचं?”

“आहे.”

“मग उदासीनता लिहा. चार दिवसांत आवर्तन बंद होईल. मुलं येतील. आकडा आपोआप सुधारेल.”

“आणि पुढचं आवर्तन?”

“तेव्हा तुम्ही प्रमोशनवर गेलेले असाल.”

ते हसले, पण अर्धं खरंच सांगत होते. मी दहा मिनिटं मागून बाहेर आलो. हायवेपर्यंत गेलो, परत फिरलो, पुन्हा गेलो. सोलापूरकडं ट्रक चालले होते. चहा घेतला, कसा होता आठवत नाही. आमच्या घरात कॉलेज बघितलेला मी पहिला. त्यात माझी हुशारी किती, हे मला माहीत आहे. आमच्या वस्तीवरची शाळा घरापासून चार घरं सोडून होती, एवढंच. मी गेलो नाही तर गुरुजी दारात येऊन आईला विचारायचे. मध्ये कॅनॉल असता तर मी शेळ्या घेऊन माळावरच राहिलो असतो, आणि कुणीतरी माझ्या आईच्या नावापुढं उदासीनता लिहिली असती.

परत जाऊन यादीत नऊ वेळा लिहिलं: ‘आवर्तनकाळात रस्ता बंद. अंतराचा पूर्वीचा दाखला सदोष.’ दुसऱ्या दिवशी चाक आणलं. तात्या पुन्हा पुढं चालले. पुलावरून दोन किलोमीटर आठशे मीटर. पाटबंधारे खात्याकडून पाणी सोडल्याच्या आणि बंद केल्याच्या तारखा घेतल्या आणि आर्याच्या वहीशेजारी ठेवल्या. एका दिवसाचाही फरक नव्हता. वहीची झेरॉक्स अहवालाला जोडली. साहेबांनी ती सगळी पानं उलटली आणि सही केली.

वही मी त्याच संध्याकाळी परत दिली.

खुलासा मागणारं पत्र आठवड्यात आलं. शाळेचं काही आलं नाही. मी दर सोमवारी पुण्याला जिल्हा परिषदेत फोन करायचो. फाइल कधी वर असायची, कधी खाली. दिवाळी आली. मी वस्तीवर जाऊन तात्यांना म्हणालो, “नावं काढू नका.”

“कागद आला का?”

“नाही.”

“मंग कशाच्या भरवशावर?”

“मी अजून खुलासाच लिहितोय तात्या. मला एकट्याला सोडू नका.”

ते हसले. नावं राहिली. त्या वर्षीच्या पदोन्नतीत माझं नाव नव्हतं.

आदेश जूनमध्ये आला. समायोजन रद्द. कुलूप गंजलं होतं, दगडानं तोडावं लागलं. नवीन गुरुजी आले. आठ मुलं आत जाऊन बसली. आर्या दारात उभी होती.

ती सहावीत गेली होती. ही शाळा पाचवीपर्यंत. सहावीपासून नियम वेगळा आहे, शाळा तीन किलोमीटरच्या आत असली की पुरे, भत्ता नाही. मोठी शाळा पूल धरून दोन किलोमीटर आठशे मीटर. मीच मोजलेले, या वेळी अगदी बरोबर.

“तू कशी जाणार?” मी विचारलं.

“चालत. म्या एकटी जाती पुलावरनं, बारकी आता हितंच हायत की.” तिनं वही गुरुजींच्या टेबलावर ठेवली. “सर, ह्यात पुढची पानं कोरी हायत.”

मी अजूनही अंतराचे दाखले देतो. फॉर्ममध्ये ठिकाण असतं, मीटर असतात, तारीख असते. तारखेशेजारी मी पट्टी ठेवून पेनानं एक जादा रकाना आखतो: मोजणीच्या दिवशी कॅनॉलला पाणी होतं का? वरून दोनदा शेरा आला आहे, विहित नमुन्यात बदल करू नये. तरी पट्टी कायम माझ्या बॅगेत असते.