पुलाखाली यायची परवानगी

समजा, तुमच्या शहरात नदीवरच्या नव्या पादचारी पुलाचं उद्घाटन आहे आणि त्याचं चित्रीकरण तुम्हाला ड्रोनने करायचंय. ड्रोन उडवणं सोपं. मी उडवते, मला ठाऊक आहे. पण आधी महापालिकेच्या कार्यक्रम कक्षात जा. ते म्हणतील, पोलिसांचं ना-हरकत आणा. पोलीस म्हणतील, गर्दीच्या डोक्यावरून उडवणार नाही हे नकाशावर दाखवा. नकाशा घेऊन जावं, तर साहेब जेवायला गेलेले. अशा वेळी तुम्ही काय कराल? आम्ही मावशीला पाठवतो.

मावशी आमच्या छोट्या स्टुडिओत हेच काम करते. कुठे गोड बोलायचं आणि कुठे नुसतं बाकावर ठाण मांडायचं, हे तिला बरोबर कळतं. कुणाच्या शिक्क्याची शाई वाळलेली असली तर अडायला नको, म्हणून ती पर्समध्ये स्वतःचं स्टॅम्पपॅड बाळगते.

हा पूल मात्र तिला घरच्या कार्यासारखा होता. तिचा नवरा, म्हणजे आमचे काका, वेल्डर. पुलाच्या मधोमध, खालच्या बाजूचा मोठा जोड त्यांनी टांगत्या फळीवर उताणं पडून केलेला. तो काठावरून दिसत नाही, पुलावरून तर नाहीच.

"लोक कठड्याला टेकून फोटो काढणार आणि यांचं काम मासे बघणार," मावशी म्हणायची. तिला तो जोड फिल्ममध्ये हवा होता. बाकी कोण काय भाषण करतं, याच्याशी तिला देणंघेणं नव्हतं.

उद्घाटनाच्या आदल्या दिवशी परवानगी हातात पडली. मी वाचली आणि कपाळाला हात लावला.

"मावशी, यात लिहिलंय, चाळीस मीटरच्या खाली उतरायचं नाही!"

"मग? अर्जात मीच लिहिते ते. पोलीस खूश होतात."

"अगं, काकांचा जोड पुलाखाली आहे ना!"

मावशी मटकन खुर्चीत बसली. मग तशीच उठली. "चल, वैमानिकबाई. चप्पल घाल."

कक्षातल्या अधिकाऱ्यांनी कागद दोनदा वाचला. "मावशी, लोक माझ्याकडे वर जायची परवानगी मागतात. तुम्ही खाली यायची मागताय?"

"साहेब, नवऱ्याचं काम खाली आहे, तर वर जाऊन काय करू?"

शेजारच्या टेबलावरच्या बाई फिसकन हसल्या.

"गर्दीत जमणार नाही," साहेब म्हणाले.

आता मी तोंड उघडलं. "गर्दी यायच्या आधी, सकाळी उडवू. पुलावर माणूस नाही, खाली नाव नाही. हळूहळू नेईन."

"आणि पडला तर?"

"तर आमचाच बुडेल, साहेब," मावशी म्हणाली.

साहेबांनाही हसू आवरलं नाही. बचाव दलाची होडी जवळ उभी राहील, ही अट घालून त्यांनी स्वतःच दलाला फोन लावला. तोवर मावशीने स्टॅम्पपॅड उघडून टेबलावर सरकवलंसुद्धा.

सकाळी काका इस्त्रीचा शर्ट घालून काठावर आले. हात पाठीमागे बांधून माझ्या खांद्यावरून स्क्रीनकडे बघत राहिले. ड्रोन पुलाखाली शिरला. आधी तुळया, मग रंगाखालूनही उठून दिसणारा तो जोड, माशाच्या खवल्यांसारखा एकसारखा.

"सरळ आलाय," काका पुटपुटले.

"सरळ काय म्हणता, माझी शिलाईसुद्धा इतकी सरळ येत नाही!" मावशीचे डोळे भरून आले होते आणि तोंड भरून हसू. तेवढ्यात तिने स्क्रीनवर बोट ठेवलं. "अगं थांब, हे काय?"

जोडाशेजारच्या छोट्या झाकणपट्टीवर वितळलेल्या धातूचं एक फूल होतं. मी इंजिनिअरिंग शिकलेय. त्या फुलावर पुलाचा कसलाही भार नाही, हे छातीठोकपणे सांगते.

काका नदीकडे बघू लागले. "वेल्डिंगचा रॉड नीट चालतोय का, ते बघत होतो."

"रॉड बघायला पाच पाकळ्या लागतात?"

"चहा कुठे मिळतो, बघून येतो," म्हणत काका सटकले.

फिल्ममधली भाषणं आम्ही कापली, फूल ठेवलं. अख्ख्या बिल्डिंगने ते बघितलंय. मावशी अजूनही काकांना वाढता वाढता मध्येच डाव हातात धरून थांबते.

"अहो, आता तरी खरं सांगा. ते फूल कुणासाठी काढलं होतंत?"