साक्रीला जाणारा फोन

झुलालभाऊंचा फोन दर बुधवारी साक्रीला जायचा. झुलालभाऊ मात्र धुळ्यातच असायचे.

दिपमालाने हे पहिल्यांदा पाहिलं तेव्हा तिला काही कळलंच नाही. धुळ्याच्या स्टँडवर साक्रीची गाडी लागलेली. दारात कंडक्टर तोताराम उभा. झुलालभाऊंनी खिशातून कंपनीचा फोन काढला, रुमालात गुंडाळला आणि त्याच्या हातात ठेवला.

"तिकीट फाडू का याचं?" तोताराम म्हणाला.

"हाफ फाड. लहान शे अजून."

गाडी निघून गेली. झुलालभाऊ वळले. "चला एमबीए, चहा घेऊ."

दिपमाला यावलची. वडील प्रेमराज केळीचे ट्रक भरतात. पोरगी जळगावला एमबीए करते, हे ते ओळख नसलेल्या ड्रायव्हरलाही सांगत. वर्गातल्या बहुतेक मुलींनी बँकेची वाट धरली. हिने औषध कंपनी धरली. त्याला कारण होतं. लहानपणी ती आईबरोबर दवाखान्यात जायची. तासन्‌तास भिंतीला टेकून उभी राहायची. मध्येच टाय लावलेला, बॅग घेतलेला एखादा माणूस यायचा आणि रांग सोडून थेट आत जायचा. दार अर्धं उघडं असायचं. डॉक्टर त्याला म्हणायचे, बसा. तिच्या आईला डॉक्टर कधी बसा म्हणाले नव्हते. तो माणूस एमआर असतो, औषध कंपनीतर्फे डॉक्टरांना भेटून गोळ्यांची माहिती देणं हेच त्याचं काम, हे तिला फार नंतर कळलं. ती खुर्ची मात्र डोक्यात बसली ती बसलीच.

उन्हाळ्यात इंटर्नशिप आली. कंपनीने तिला धुळ्याला पाठवलं, झुलालभाऊंच्या हाताखाली. पन्नाशीकडे झुकलेला माणूस. कानावरचे केस पांढरे, शर्टाला कडक इस्त्री. तिला नावाने त्यांनी कधी हाक मारली नाही. ती त्यांची एमबीए.

चहाच्या टपरीवर तिने विचारलंच. "भाऊ, फोन कुठे गेला?"

"ड्यूटीवर."

मग त्यांनी समजावलं. कोणी कुठल्या दिवशी कुठल्या गावी जायचं, हे मुंबईच्या ऑफिसातून ठरून येतं. फोनमधलं ॲप माणूस कुठे आहे ते बघतं. साक्रीला बुधवार दिलेला. बुधवारी साक्रीचा बाजार. डोंगरातले लोक बाजाराला येतात ते तापलेली पोरंही बरोबर आणतात. दवाखान्यात पाय ठेवायला जागा नसते.

"डॉक्टरले मान वर कराले टाइम नही. तठे मी जाऊन गोळीचं कौतुक सांगू? का मी आत बसू नि कडेवर पोर घेतलेली बाई उभी राहू देऊ?" ते बोलताना असंच अर्धं अहिराणीत, अर्धं पुस्तकी बोलत. "दिवस बदला म्हणून किती वेळा लिहिलं. उत्तर येतं, सिस्टममधून येतं. मंग सिस्टमले फोन पुरतो. तुना पुस्तकमा शे का हाई?"

दिपमाला हसली. नाही म्हणाली.

शुक्रवारी उलटा खेळ. यादीत धुळे असायचं. फोन घरी राहायचा, आणि झुलालभाऊ साक्रीला जायचे. त्या शुक्रवारी तिलाही घेऊन गेले. दवाखान्यात चार-दोन पेशंट. डॉक्टरांनी दोघांना बसवलं, चहा मागवला. खोकल्याच्या एका औषधाचं विचारलं. झुलालभाऊ म्हणाले, "साहेब, बारक्या पोरांना आमचं देऊ नका. तुमचं जुनं आहे तेच बरं." डॉक्टरांनी मान हलवली. त्याच बैठकीत त्यांनी कंपनीच्या दुसऱ्या दोन गोळ्या लिहायला घेतल्या. गाडीत बसल्यावर झुलालभाऊ म्हणाले, "कोणतं घेऊ नका, हे जो सांगतो, त्याचं बाकीचं लोक ऐकतात." दिपमालाला तो दिवस आवडला. तो तिच्या जन्मभर लक्षात राहणार होता, पण वेगळ्याच कारणाने.

पुढच्या वर्षी कंपनी मुलाखतींसाठी जळगावच्या कॉलेजात आली. टेबलापलीकडे तिघं. मधले राजदीप सर, खानदेशाचे मॅनेजर. दिपमालाने उत्तरं पाठ केली होती. ती बोलत होती आणि ते ऐकत नव्हते. एक जण मोबाइल बघत होता. तिच्या आधी बरीच मुलं येऊन गेली होती. सगळ्यांनी तेच सांगितलं असणार, हे तिला बोलता बोलताच उमगलं.

"फील्डवर नवीन काय दिसलं?" राजदीप सरांनी जांभई दाबत विचारलं.

आणि तिच्या तोंडून निघून गेलं. "सर, मी फोनला बसने जाताना पाहिलंय."

मोबाइलवाल्याने मान वर केली. मग ती थांबली नाही. रुमाल सांगितला. कंडक्टर सांगितला. हाफ तिकीटही सांगितलं. तिघंही खळखळून हसले. राजदीप सरांनी डोळे पुसले. तिने झुलालभाऊंचं नाव घेतलं नाही. पण साक्रीच्या लाइनवर कंपनीचा माणूस एकच होता.

शुक्रवारचं सांगायचं होतं. तिच्या जिभेवर होतं. पण ते हसत होते, आणि हसू ओसरायच्या आत राजदीप सर म्हणाले, "तुझी नजर चांगली आहे." ती थँक्यू म्हणाली. उठली.

संध्याकाळी यादीत तिचं नाव लागलं. यावलला प्रेमराजांनी पेढे वाटले. "आमची दिपा औषधाची साहेबीण झाली," ते म्हणत होते. मग नेमणुकीचं पत्र आलं. धुळे आणि साक्री. त्या जागेवर कालपर्यंत कोण होतं, हे पत्रात लिहिलेलं नव्हतं. लिहायची गरजही नव्हती.

तिने फोन लावायला घेतला. नाव समोर आलं. तिने स्क्रीन बंद केली.

ती धुळ्यात राहायला आली. झुलालभाऊंची गल्ली देवपुरात. ती देवपुरातले दवाखाने मागच्या रस्त्याने करू लागली. एकदा ते समोरून येताना दिसले. ती चपलांच्या दुकानात शिरली आणि नको असलेली चप्पल पायात घालून बघत बसली. साक्रीच्या बसमध्ये तोताराम तिच्याजवळ येऊन एकच शब्द बोलायचा. "तिकीट?" बाकीच्यांशी मात्र तो गावभरच्या गप्पा मारायचा.

यादीप्रमाणे ती बुधवारीच साक्रीला जायची. दारात उभी राहायची. आत गर्दी, कण्हणं, रडणं. कंपाउंडर एकदा म्हणाला, "मॅडम, बाजारच्या दिवशी कशाला येता? तुमचे आधीचे भाऊ शुक्रवारी यायचे." घरी येऊन तिने कंपनीला लिहिलं. साक्रीला शुक्रवार द्या, बुधवारी बाजार असतो. नव्या मुलीचं पत्र. कुणास ठाऊक कसं, सिस्टमने ऐकलं.

महिन्याची मीटिंग जळगावच्या हॉटेलात होती. राजदीप सरांनी तिला उभं केलं. "एका साध्या निरीक्षणाने साक्रीची विक्री वाढली. याला म्हणतात एमबीए." टाळ्या वाजल्या. एमबीए हा शब्द तिच्या कानात दुसऱ्याच आवाजात पडला.

"सर, हे माझं नाही," ती म्हणाली. "मुलाखतीत मी अर्धंच सांगितलं होतं." आणि तिने उरलेलं सांगितलं. बाजार, कडेवरचं पोर, लिहिलेली पत्रं, घरी ठेवलेला फोन आणि शुक्रवारी साक्रीत असलेले झुलालभाऊ. या वेळी कोणी हसलं नाही. राजदीप सर म्हणाले, "चहा घेऊ या." चहाच्या टेबलाशी ते तिच्या बाजूला आले. "त्यांनी नियम मोडला होता. आणि तू अजून नोकरीत पक्की झालेली नाहीस. लक्षात ठेव."

पुढच्या शुक्रवारी सकाळी ती औषधांच्या होलसेल दुकानात गेली. झुलालभाऊ आता तिथे काउंटरवर होते. खोकी उघडून माल लावत होते. शर्टाची इस्त्री तशीच कडक.

"भाऊ, ते मी सांगितलं होतं."

"माहीत शे." त्यांनी मान वर केली नाही. "ती गोष्ट मी फक्त तुले सांगेल व्हती."

तिने मीटिंगमधलं सांगितलं. ते माल लावत राहिले.

"बठ्ठं सांगं का?"

"हो, सगळं."

"नोकरी शे का अजून?"

"आहे."

"तुनी शे, मनी नही." ते खोकं मिटत होते. काउंटरच्या अलीकडे स्टूल होतं. ते बस म्हणाले नाहीत. "आज शुक्रवार शे. साक्रीनी गाडी चुकी जाई."

साक्रीच्या दवाखान्यात चार-दोनच पेशंट होते. डॉक्टरांनी खुर्ची पुढे ओढली. "या मॅडम, बसा. बरं, आमचे झुलालभाऊ दिसले नाहीत बरेच दिवस. कुठे असतात सध्या?"

दिपमालाने बॅग खाली ठेवली. खुर्चीच्या पाठीवर हात ठेवला आणि उभ्या उभ्याच सांगायला लागली.